ड्रॉप हँडलवर जादा ब्रेक लिव्हर लावावेत का, आणि हाताला मुंग्या येतात त्याचं काय

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सेकंडहँड रोड बाइक घेतलीय, ८ स्पीडची, रिम ब्रेक, ॲल्युमिनियमचं ४२ सेंमीचं ड्रॉप हँडल (टोकं पुढे वळून खाली उतरलेलं). तुमचे हात लहान. ५०-६० किमी झाले की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. पसरणी घाट (वाई-पाचगणीचा) उतरताना खाली ड्रॉपमधून लिव्हरपर्यंत बोटं पोचत नाहीत, आणि गावातल्या ट्रॅफिकमधे तुम्ही वरच्या सरळ भागावर हात ठेवता तर तिथं ब्रेकच नाही. मेकॅनिक म्हणतो एमटीबीची (सरळ हँडलच्या माउंटन बाइकची) लिव्हर जोडी वर लावून देतो, मित्र म्हणतो एरोबार (कोपरं टेकवून धरायचे पुढे आलेले दांडे) लाव, आणि तुम्हाला २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात संपवायची लांब पल्ल्याची राइड) करायचीय. तर काय लावू, असा प्रश्न.

माझं उत्तर असं की वरचे लिव्हर लावा, पण ते शेवटी. त्याआधी तीन गोष्टी करा ज्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत. एरोबार आत्ता नको. आणि एमटीबीच्या लिव्हरला तर हातच लावू देऊ नका, का ते पुढे सांगतोच. साताऱ्यात माझं छोटंसं वर्कशॉप आहे, स्वतः ब्रेव्हे करतो, आणि "हात दुखतात, काहीतरी लावून द्या" म्हणून येणाऱ्या दहातल्या सहा-सात सायकलींना मी काहीच न लावता परत पाठवतो. धंद्याला वाईट आहे पण खरं आहे.

आधी हे बघा की ड्रॉप हँडलवर हात ठेवायच्या जागा मुळातच किती आहेत. स्टेमच्या (हँडल सायकलीला जोडणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूचा वरचा सरळ भाग, मग जिथं बार पुढे वळतो तो कोपरा, मग हूडच्या (लिव्हरच्या रबर चढवलेल्या बुडाच्या) जरा मागचा उतार, मग हूड, हूडच्या टोकाची शिंगं, खाली वाकडा भाग जिथून लिव्हर हातात येतो, आणि एकदम शेवटची सरळ टोकं. म्हणजे सहा-सात जागा आहेतच. तरी हात बधिर का होतात? कारण आपण दोनच जागा वापरतो. हूड आणि वरचा सरळ भाग. खाली कोणी जात नाही कारण खाली गेलं की पोट आड येतं, मान दुखते, किंवा तुमच्यासारखं, बोटं पोचत नाहीत. म्हणजे जागा नाहीत असं नाही, जागा आहेत पण राहण्यालायक नाहीत. नवीन खोली बांधायच्या आधी आहे ती खोली झाडून घ्यावी तसं.

आता मुंग्यांचं. करंगळी आणि शेजारच्या अर्ध्या बोटाला येतात म्हणजे तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाजवळ जी नस जाते ती दाबली जातेय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना आल्या असत्या तर दुसरी नस, ती मनगटाच्या मधोमध असते आणि मनगट वाकडं राहिलं की कुरकुरते. दोन्हीचं मूळ एकच, हातावर वजन जास्त आणि ते एकाच जागी. आपल्या वडिलांच्या रॉडब्रेकच्या काळ्या सायकलीला हात ठेवायची जागा एकच होती, तरी दूधवाला दोन्हीकडे कॅन लटकवून रोज वीस-वीस किलोमीटर जायचा आणि त्याच्या हाताला मुंग्या आल्याचं मी तरी ऐकलं नाही. का, तर तो ताठ बसायचा, वजन सगळं सीटवर, हात नुसते टेकलेले. (त्या सीटनं बाकी काय व्हायचं ते वेगळं.)

म्हणून पहिलं काम हँडलवर नाहीच, सीटवर आहे. सायकल सपाट फरशीवर उभी करून सीटवर एक पुस्तक किंवा पाटी ठेवा आणि बाजूनं बघा. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही दिवसभर पुढे घसरत असता आणि दोन हातांनी स्वतःला मागे ढकलत असता, कळत नाही पण चालू असतं. सेकंडहँड सायकलींमधे हे इतक्यांदा बघितलंय की आता सायकल गेटमधून आत येतानाच नजर तिकडे जाते. सीट सपाट करा. दुसरं, बार लांब वाटतो म्हणून कोणी सीट पुढे सरकवून दिली असेल तर ती परत मागे घ्या, सीट पुढे घेतली की हातावरचं वजन वाढतं, कमी होत नाही. बार लांब वाटत असेल तर स्टेम छोटा करायचा, १०० मिमीचा असेल तर ८०, किंवा आहे तोच उलटा करून वर चढवायचा. आणि टायरमधे हवा. २८ किंवा ३२ मिमीचे टायर असताना लोक हात दुखेपर्यंत पंप मारतात, मग साताऱ्या-वाईच्या रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट मनगटात. टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. तुमच्या वजनाला ती कमी चालते.

दुसरं काम हूडचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हूड म्हणजे ड्रॉप हँडलवरचं घर, दिवसातला बहुतेक वेळ तुम्ही तिथं असता, आणि बहुतेक सायकलींना ते घर उतारावर बांधलेलं असतं. बाजूनं बघा, बारचा वरचा उतार आणि हूड मिळून एक सपाट ओटा दिसला पाहिजे, हलका वर चढलेला चालेल, पण पुढे ढळलेला नको. ढळलेला असेल तर तळहात घसरू नये म्हणून तुम्ही मुठीनं धरून ठेवता, तिथून मुंग्या सुरू. आधी स्टेमचे बोल्ट ढिले करून अख्खा बार थोडा वर फिरवून बघा, ते फुकट आहे. त्यानं खालची टोकं फारच जमिनीकडे बघायला लागली तर मग टेप सोडून लिव्हरच वर सरकवायला लागतो. त्याचा बोल्ट हूडच्या रबराखाली बाहेरच्या अंगाला असतो, बहुतेक ५ ची ॲलन की लागते, रबर मागून पुढे सोलल्यासारखं दुमडायचं, जुनं असेल तर फाटेल, हळू.

आता लहान हातांचं. तुम्ही म्हणता ड्रॉपमधून बोटं पोचत नाहीत, आणि यावर उपाय म्हणून वर नवीन ब्रेक लावायचा विचार करताय, इथं मी जरा थांबवतो. घाट उतरताना सगळ्यात ताकदवान ब्रेक हा खालूनच लागतो, कारण खालून धरलं की बोटं लिव्हरच्या टोकाकडे पडतात, पिव्हटपासून (लिव्हर ज्या खिळ्यावर फिरतो त्यापासून) लांब, तरफ मोठी. हूडवरून धरलं की बोटं पिव्हटजवळ, म्हणून दाबायला जोर लागतो. शिवाय खाली असताना अंग खाली असतं, वजन खाली, सायकल हातात राहते. वर सरळ भागावर बसून घाट उतरणं म्हणजे शिडीच्या वरच्या पायरीवरून बादली ओतणं. म्हणून घाटासाठीचा उपाय वरचा लिव्हर नाही, खालचा लिव्हर जवळ आणणं हा आहे. बऱ्याच लिव्हरना हूडच्या रबराखाली नाहीतर लिव्हरच्या पुढच्या अंगाला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर बारच्या जवळ येतो. काही जुन्या लिव्हरना स्क्रू नसतो, तिथं रबराची किंवा प्लास्टिकची पाचर घालायची सोय असते. ती मिळते, नाही मिळाली तर सांगा. लिव्हर जवळ आला की केबल परत ताणून घ्यायची, नाहीतर दाबल्यावर लिव्हर बारला टेकतो आणि ब्रेक अर्धाच लागतो. हे विसरून एक मुलगा माझ्याकडून थेट यवतेश्वरच्या घाटात गेला होता, सुखरूप आला, पण मी त्या दिवसापासून स्क्रूला हात लावला की केबल ताणल्याशिवाय सायकल सोडत नाही.

आणि ४२ चा बार. तुमच्या खांद्यांच्या दोन हाडांमधलं अंतर कोणाकडून तरी मोजून घ्या. ते ३७-३८ सेंमी भरलं तर ४२ चा बार तुम्हाला रुंद आहे, हात बाहेर फाकतात, मनगट आत वळतं. काही कंपन्या बार नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, त्यात साधारण २ सेंमीचा फरक पडतो, म्हणून आकडा वाचून विकत घेऊ नका, टेप लावून घ्या. बार बदलायचाच झाला तर कॉम्पॅक्ट म्हणतात तो, पुढे ७०-७५ मिमी जाणारा आणि खाली १२०-१२५ उतरणारा. जुन्या पद्धतीचे बार १४०-१५० खाली उतरायचे, ते रेसवाल्यांसाठी ठीक होते, आपल्या कंबरेसाठी नाही. कॉम्पॅक्ट बारवर तुम्ही खाली जाल आणि तिथं राहाल, म्हणजे नवीन काही न जोडता एक जागा वाढली.

आता वरच्या लिव्हरकडे येतो.

एकेकाळी, सत्तरच्या दशकात, बाहेरच्या रोड बाइकवर मुख्य लिव्हरच्याच पिव्हटला जोडलेली एक लांब पट्टी यायची जी वरच्या बारच्या खाली समांतर यायची. कंपन्या त्याला सेफ्टी लिव्हर म्हणायच्या आणि चालवणारे सुइसाइड लिव्हर. दाबलं की मुख्य लिव्हरची चाल अर्ध्यातच संपायची, पट्टी लवायची, आणि पूर्ण ब्रेक लागायच्या आत बारला टेकायची. अशी जुनी सायकल कोणाकडे असेल तर ती पट्टी काढा, पण नुसती काढून चालत नाही, तिच्यासाठी पिव्हटचा पिन लांब दिलेला असतो, तो बाहेर राहतो आणि नवीन रबर त्यावर बसत नाही. सांगायचं कारण, आजचे वरचे लिव्हर त्या जातीचे नाहीत. लोक फोटो बघून दोन्ही एकच समजतात.

आजच्याला इंटरप्टर लिव्हर किंवा क्रॉस लिव्हर म्हणतात, सायक्लोक्रॉसच्या (चिखल-मातीतल्या सायकल शर्यतींच्या) लोकांमुळे पसरले, टेक्ट्रो कंपनीचे सगळ्यात जास्त दिसतात. यातली गंमत समजून घ्या म्हणजे बसवताना चूक होणार नाही. ब्रेक लागतो तो इनर वायर ओढल्यामुळे, पण खरं म्हणजे आउटर (वायरीवरची जाड नळी) आणि इनर यांच्यातल्या फरकामुळे. इनर ओढा नाहीतर आउटर ढकला, ब्रेकला कळत नाही. इंटरप्टर लिव्हर इनरला धरतच नाही. मुख्य लिव्हरपासून ब्रेकपर्यंत इनर एकसंध जाते, फक्त आउटरचे दोन तुकडे केलेले असतात आणि मधे हा लिव्हर बसतो. वरून दाबलं की तो दोन तुकड्यांच्या टोकांना एकमेकांपासून लांब ढकलतो, म्हणजे आउटर लांब झाल्यासारखं होतं, आणि खाली ब्रेक आवळतो. हूडवरून मुख्य लिव्हर दाबला तर हा मधला लिव्हर मिटलेला राहतो, आउटरचाच एक तुकडा असल्यासारखा. म्हणून एकाचा दुसऱ्याला त्रास नाही, चाल कमी होत नाही, थोडं घर्षण वाढतं एवढंच.

तुमच्या मेकॅनिकच्या एमटीबी लिव्हरला हे जमत नाही. एमटीबी लिव्हर इनरचं टोक स्वतः पकडून ओढतो, मग मुख्य लिव्हरच्या इनरचं काय? दोन वायरी एकात जोडणारे तुकडे मिळतात, पण एक ढिली पडली की दुसरी अडकणार, आणि ब्रेकमधे असला जुगाड मी तरी करणार नाही. शिवाय एमटीबी लिव्हर २२.२ मिमीच्या नळीसाठी असतो, ड्रॉप बारची नळी लिव्हर बसतो तिथं २३.८ आणि स्टेमजवळ ३१.८. ठोकून बसवला तर पट्टा तडकतो. इनरची टोकंही वेगळी, रोडच्या लिव्हरला नाशपातीसारखं टोक, एमटीबीला पिंपासारखं. एवढ्या ठिकाणी न जुळणारी वस्तू म्हणजे ती त्या जागेची नाहीच.

विकत घ्यायच्या आधी बार मोजा, आणि त्यासाठी व्हर्निअर लागत नाही. कागदाची बारीक पट्टी घ्या, स्टेमच्या अगदी शेजारी बारभोवती एक वेढा द्या, जिथं टोक मिळतं तिथं पेननं खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. १०० मिमी भरली तर बार ३१.८ चा. ८२ च्या आसपास असेल तर २६. ८० असेल तर २५.४. यातल्या शेवटच्या दोघांत गोंधळ होतो म्हणून तिथं व्हर्निअर मागून आणा. आता तीच पट्टी हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकवत मोजत जा, एका ठिकाणी आकडा उतरायला लागेल आणि ७५ वर येऊन थांबेल, तो २३.८. ३१.८ चे इंटरप्टर लिव्हर फक्त त्या जाड गोल भागावर बसतात, निमुळत्या भागावर नाही, आणि बऱ्याच बारचा जाड भाग स्टेमच्या बाहेर दोन-तीन सेंमीत संपतो. तिथंच लाइट, तिथंच कॉम्प्युटर, तिथंच पुढच्या बॅगेचा क्लॅम्प. एक एक सेंमी महाग आहे तिथं. वरचा भाग चपटा, पंखासारखा असेल तर विषयच संपला, तिथं काही बसत नाही. आणि कार्बन बार असेल तर कंपनीनं परवानगी दिली असेल तरच, नाहीतर आवळताना आत चिरडतो आणि बाहेरून दिसत पण नाही. तुमचा ॲल्युमिनियमचा आहे म्हणून ठीक.

ब्रेकबद्दलही एक वाक्य. साधा रिम कॅलिपर, कँटिलिव्हर, रोडचा केबल डिस्क, यांना हे लिव्हर चालतात. हायड्रॉलिकला केबलचा लिव्हर लावायचा प्रश्नच नाही, शिमानो कंपनीनं त्यांच्या जीआरएक्स या सेटमधे मधे बसणारा हायड्रॉलिक जादा लिव्हर काढलाय पण तो त्यांच्याच सिस्टमसाठी. तुमच्याकडे रिम कॅलिपर आहे, सगळ्यात सोपं काम.

बसवायचं कसं ते सांगतो, स्वतः केलंत तर अर्धा दिवस जाईल पण नंतर सायकल तुमची होईल. टेप खालून वर गुंडाळलेला असतो, म्हणून स्टेमच्या बाजूनं सोडायला सुरुवात करा, हूडपर्यंत सोडला की बास. सेकंडहँड सायकल आहे तर मी म्हणेन पूर्णच सोडा आणि बार बघा. घामाचं मीठ टेपखाली जाऊन बसतं आणि ॲल्युमिनियमवर पांढरी पूड येते, बोटानं पुसली तर खाली खड्डे दिसतात. नुसती पूड असेल तर घासून पुसून घ्या. खड्डे असतील तर बार बदला, तिथं विचार करायचा नाही. गेल्या वर्षी एका काकांची सायकल आली होती, टेप बदलायला म्हणून, टेप मस्त नवा होता दिसायला, सोडला तर डाव्या लिव्हरच्या पट्ट्याखाली बारला नखाएवढी चीर. ते त्याच सायकलवर आदल्या रविवारी कासला जाऊन आले होते.

टेप सोडला की आउटर दिसतात. ब्रेकचा जाड, ५ मिमी, आत चपट्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं. गिअरचा बारीक, ४ मिमी, आत उभ्या सरळ तारा. काही लिव्हरमधे दोन्ही टेपखाली असतात, घाईत चुकीचा कापू नका. आणि ब्रेकला कधीच गिअरचा आउटर लावू नका, दाबाखाली तो उभा फाटतो आणि ब्रेक एका क्षणात जातो. इनर पूर्ण बाहेर काढावीच लागते, काढली की ती परत घालायचा मोह टाळा, टोकाचे धागे सुटलेले असतात, नवीन घाला, इनर आणि आउटर दोन्ही. लिव्हर बारवर हलका आवळून जागा ठरवा, सीटवर बसून, डोळे मिटून हात वर ठेवा, बोटं जिथं आपसूक पडतात तिथं लिव्हर हवा. मुख्य लिव्हरपासून इथपर्यंतचा आउटर मोजून कापा, मग इथून ब्रेकपर्यंतचा दुसरा. पुढच्या ब्रेकचा दुसरा तुकडा तोकडा ठेवू नका, लिव्हर स्टेमजवळ असल्यामुळे वळण चटकन तीव्र होतं, हेड ट्यूबच्या पुढून मोठा मोकळा वळसा घेऊन खाली उतरला पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, कुठंही ताण येता कामा नये.

आणि बाजू बदलू नका. उजवा मुख्य लिव्हर पुढचा ब्रेक लावत असेल तर उजवा वरचा पण पुढचाच. आपल्याकडे मोटरसायकलचाही उजवा हात पुढचाच ब्रेक, डोक्यात तेच बसलेलं असतं, घाबरल्यावर हात विचार करत नाही.

आता माझी स्वतःची फजिती. पहिल्यांदा हे लिव्हर मी माझ्याच सायकलला बसवले तेव्हा आउटर कापायला घरातली पक्कड वापरली. टोक चेपलं, आतलं वेटोळं वाकून तोंड अर्धवट बंद झालं, मी ते कसंबसं आउटरच्या टोकाला बसते त्या टोपीत कोंबलं आणि वरून टेप गुंडाळून मोकळा. सपाटीवर ब्रेक झकास. यवतेश्वरच्या उतारावर एका वळणाला समोरून एसटी आली, मी जोरात दाबला, आत कुठंतरी कट्ट असा आवाज झाला आणि लिव्हर भसकन बारपर्यंत आला. चेपलेलं टोक जोरानं टोपीत घुसलं होतं आणि तेवढी केबल ढिली पडली. मागच्या ब्रेकवर आणि नशिबावर थांबलो, एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून जे बोलला ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून आउटर फक्त केबल कटरनं कापतो, टोक कानशीनं सपाट करतो, आतलं तोंड दाभणानं गोल मोकळं करतो, टोपी घालतो, आणि टेप गुंडाळायच्या आधी प्रत्येक लिव्हर जीव खाऊन दहा-बारा वेळा दाबतो. जे काही आत बसायचं, सरकायचं ते तिथंच स्टँडवर सरकू दे. मग केबल परत ताणायची, कॅलिपरचा बोल्ट नीट आवळायचा, मग सायकल हातात धरून चालवत पुढचा ब्रेक दाबायचा, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मुख्य लिव्हरनं एकदा आणि वरच्यानं एकदा. तोपर्यंत टेप नाही.

वरचे लिव्हर लागले म्हणून वरच सगळीकडे फिरायचं असंही नको. वरून हात जवळजवळ येतात, हँडल हलकं होतं, खड्ड्यात चाक गेलं तर हातातून निसटू शकतं. त्यांची खरी जागा म्हणजे राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंतची संध्याकाळची गर्दी, सिग्नलवर सरकत जाणं, चढावर ताठ बसून श्वास घेताना समोर आडवा आलेला कुत्रा. माझा स्वतःचा नियम एवढाच की गर्दीत हात अशाच जागी ठेवायचा जिथून ब्रेक एका बोटावर आहे. बाकीच्या जागा मोकळ्या रस्त्यासाठी.

एरोबार त्याच नियमात नापास होतो. १९८९ च्या टूर द फ्रान्समधे ग्रेग लेमाँडनं शेवटच्या दिवशी असेच बार लावून लोराँ फिन्योंला गाठलं आणि एकूण शर्यत ८ सेकंदांनी जिंकली आणि मग जगानं ते उचलले, पण ते टाइम ट्रायल (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत) होतं, रस्ता त्यांच्यासाठी रिकामा होता. आपल्या हायवेवर उलट दिशेनं ट्रॅक्टर येतो. हे खरं की लांब सरळ रस्त्यावर वजन कोपरांवर गेल्यामुळे तळहाताला खरी सुटी मिळते, ३००-४०० च्या ब्रेव्हेला मी पण लावतो. पण तिथून ब्रेकला पोचायला हात उचलून आणावा लागतो, तेवढ्यात सायकल काही मीटर गेलेली असते. घाटात नाही, ग्रुपमधे तर मुळीच नाही, आणि ज्या राइडला जाणार तिथं चालतात का ते आधी विचारा. शिवाय कोपराच्या गाद्या नेमक्या वरच्या सरळ भागावर बसतात, म्हणजे एक जागा मिळवायला एक जागा गेली, आणि इंटरप्टर लिव्हर, एरोबार, बॅग हे तिन्ही त्या जाड गोल भागावर एकत्र मावत नाहीत. २०० ला वेळ १३ तास ३० मिनिटं असतो, तुम्हाला एरोबारनं वाचणाऱ्या वेळापेक्षा नाश्त्याला दहा मिनिटं कमी बसलात तर जास्त वाचेल.

पैसे न घालता जागा वाढवायची माझी आवडती युक्ती राहिली. जुनी फुटकी ट्यूब घ्या, तिचे बोटभर रुंद तुकडे कापा, आणि हूडच्या मागच्या उतारावर, वरच्या बाजूला, दोन-तीन थर इलेक्ट्रिक टेपनं चिकटवा, मग वरून हँडल टेप. तिथं तळहात अख्खा पसरतो, नळीवर टेकत नाही. जेलच्या तयार पट्ट्या मिळतात त्याही चांगल्या, पण ट्यूब फुकट आहे. लहान हात आहेत म्हणून खालच्या वाकड्या भागावर मात्र काही भरू नका, तिथं जाडी वाढली की लिव्हर परत लांब. म्हणजे वर जाड, खाली बारीक.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यात सीट सपाट, हवा कमी, बार थोडा वर फिरवलेला, आणि लिव्हरचा स्क्रू जवळ, केबल ताणून. मग वाई-पाचगणी एकदा, खालूनच ब्रेक लावत उतरा, दर काही मिनिटांनी हात हलवा, कोपरं किंचित वाकलेली. मुंग्या निम्म्यावर आल्या पाहिजेत. नाही आल्या तर स्टेम बदलू. राइड संपल्यावर पण तासन्‌तास बोट बधिर राहत असेल, किंवा चिमटीत पेन धरायला जोर कमी वाटत असेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवा, ते माझ्या पान्याचं काम नाही. महिन्याभरानंतरही गावात हात वरच जात असेल तर इंटरप्टर लिव्हर घ्या, कागदाची पट्टी मोजून आकडा मला कळवा म्हणजे चुकीचं माप घरी येणार नाही. आणि टेप नवीन गुंडाळाल तेव्हा उजव्या हाताला वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट की सुलट यावर लोक तासभर भांडतात, ते सोडा. तुमची मूठ ज्या दिशेला पिळते त्याच दिशेनं गुंडाळा म्हणजे टेप आवळत जातो, सुटत नाही, आणि वरच्या लिव्हरपाशी आलात की आउटर बाहेर पडतो तिथं एक वेढा आडवा द्या, नाहीतर पहिल्याच पावसात टेप तिथून उकलतो.